फर्मा की कॉलर?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. कोणीतरी एक बादली घेतली, तिचे बूड कापून काढले आणि ती तुमच्या डोक्यावरून खाली ओढून गळ्याशी घट्ट बसवली. बादलीचे रुंद तोंड तुमच्या चेहऱ्याभोवती आहे. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. दारातून जायला गेलात की कड चौकटीवर आपटते. पायात काय आले ते कळत नाही. आपलाच श्वास आपल्याला मोठ्याने ऐकू येतो. आणि हे ज्याने केले, तो तुमचा शत्रू नाही. तो तुमच्यावर जीव टाकणारा माणूस आहे. मग त्याने असे का केले असेल?

आता डोळे उघडा. ती बादली म्हणजे मी.

मी एक जुनी कॉलर आहे. शर्टाची नव्हे, जनावरांच्या दवाखान्यातली. जखम झालेल्या जनावराने ती चाटू नये म्हणून मला त्याच्या गळ्यात घालतात. पण मला 'कॉलर' म्हणणारे लोक थोडे. दवाखान्यातला कंपाउंडर मला 'कर्णा' म्हणतो. जनावरे घेऊन येणारी माणसे 'नरसाळे' म्हणतात. कारखान्यात मी नुसता 'नग' होते. तुम्ही शाळेत 'लिंग ओळखा' हा प्रश्न सोडवता ना? तो नग, तो कर्णा, ती कॉलर, ते नरसाळे. आता मी तो, ती की ते, हे तुम्हीच सांगा. माझा तर अजून गोंधळ आहे. आजच्यापुरते आपण 'ती' धरून चालू.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आरपार दिसणारा प्लास्टिकचा पत्रा यंत्राखाली सरकायचा, वरून साचा दाबला जायचा आणि खाली अर्ध्या उघडलेल्या पंख्यासारखा एक सपाट तुकडा सुटायचा. तशीच मी सुटले. मग माझ्या एका कडेला बटणे बसली आणि दुसऱ्या कडेला भोकांच्या रांगा पडल्या. बटणे बसवणारी बाई शेजारणीला विचारत होती,

"काय गं, हे कशाला लागतं?"

"दिव्याची शेड असेल."

"मग बटणं कशाला?"

"असतील बाई. आपल्याला काय! हात चालव."

त्यामुळे मी बरेच दिवस स्वतःला दिव्याची शेड समजत होते. गोदामात पडल्या पडल्या मी माझ्या दिव्याची वाट पाहत असे. अखेर एके दिवशी मी दवाखान्यात पोहोचले, आणि माझ्यात दिवा घालण्याऐवजी लांब कानांचा एक कुत्रा घातला गेला. त्याला आश्चर्य वाटले, आणि मलाही.

पुढे मी पुष्कळ काम केले. माझ्या आतल्या बाजूला ओरखडे आहेत, कडेवर दातांच्या खुणा आहेत. प्रत्येक खूण एका आजाऱ्याची आहे. काम झाले की मला जंतुनाशकाने धुऊन दोरीवर वाळत घालत. डॉक्टरबाई म्हणत, "नव्या कॉलर मानेला काचतात. ती जुनी आणा, ती मऊ पडली आहे." हे ऐकले की मला बरे वाटे. पण एक गोष्ट मला कधी उमगली नाही. जनावर बरे झाले की घरची माणसे डॉक्टरबाईंचे आभार मानत, बाई जनावराला थोपटत, आणि ते जनावर माझ्याकडे पाहून गुरगुरत असे. मी चांगले काम करते की वाईट? ज्याच्यासाठी काम करावे, तोच जर आपला राग राग करत असेल, तर काय समजावे? विचारायला तोंड नाही. मी सगळीच्या सगळी एक मोठे तोंड आहे, पण आवाज तेवढा नाही.

मग दवाखान्यात गादीसारख्या फुगीर कॉलर आल्या आणि मी कपाटावर जाऊन पडले. कंपाउंडर अधूनमधून मला खाली घेई आणि माझ्यातून मोठ्या डब्यातले फिनेल बाटलीत ओती. मला वाटले, आपण खरोखर नरसाळेच असू. उगाच इतकी वर्षे कॉलर म्हणवून घेतले.

तेवढ्यात हवालदार आली.

'हवालदार आली' हे वाचून तुम्ही थबकलात ना? सगळेच थबकतात. हवालदार ही एक मांजर होती. एका शिंप्याच्या दुकानात, चिंध्यांच्या टोपलीत ती लहानाची मोठी झाली. शिंपी आजोबांनी तिच्या झुपकेदार मिशा पाहून सांगून टाकले की हा बोका आहे, आणि नाव ठेवले हवालदार. पुढे डॉक्टरबाईंनी तिला उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, हा बोका नाही. ही मांजर आहे." आजोबा म्हणाले, "असू दे. बायका हवालदार नसतात की काय?" तेव्हापासून त्या घरात हवालदार येते, हवालदार रुसते, हवालदार दूध सांडते.

हवालदारला पिल्ले होऊ नयेत म्हणून तिचे ऑपरेशन झाले. सकाळी तिला दवाखान्यात सोडून आजोबांची सून कामासाठी परगावी गेली. दुपारी आजोबा आणि त्यांची नात तिला न्यायला आले. नातीला सगळे बॉबीन म्हणत. शिवणयंत्रात दोरा गुंडाळलेली लहानशी चकती असते ना, सतत गरगरणारी, तीच बॉबीन. ही मुलगीही क्षणभर एका जागी ठरत नसे.

फुगीर कॉलर त्या दिवशी सगळ्या बाहेर गेल्या होत्या. कंपाउंडरने मला कपाटावरून काढले, धुतले, पुसले आणि गोळ्यांबरोबर एका पिशवीत सरकवले. हवालदार अजून गुंगीत होती, म्हणून मला तिच्या गळ्यात घातले नाही. तो घाईघाईने म्हणाला, "पूर्ण शुद्धीवर आली की कॉलर घाला. टाके काढेपर्यंत काढायची नाही. पिशवीत सगळं आहे."

"हो हो, समजलं," आजोबा म्हणाले. त्यांना खरेच वाटले होते की समजले.

घरी आल्यावर हवालदारला जुन्या गोधडीवर निजवले. शेजारचा घड्याळजी डोकावला. त्याला दुसऱ्याच्या दुकानात डोकावल्याशिवाय चैन पडत नसे.

"काय, काढली का पिशवी?"

"काढली," आजोबा म्हणाले.

बॉबीनचे डोळे मोठे झाले. "हवालदारने पिशवी गिळली होती? कुठली? भाजीची?"

घड्याळजी इतका हसला की त्याला बाहेर जावे लागले. आजोबांनी नातीला जवळ बसवले. "अगं, पोटात पिल्लं राहायची जागा असते. तिला पिशवी म्हणतात. ती काढली की पिल्लं होत नाहीत. दर थोड्या महिन्यांनी पिल्लं होत राहिली तर तिचीच हाडं दिसायला लागतील. आणि इतक्या पिल्लांना घर कोण देणार?"

"मग तिला विचारलं होतं का?"

"कोणाला?"

"हवालदारला."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मांजराला कसं विचारणार?"

"मग आपण कसं ठरवलं?"

"तू आधी ती पिशवी उघड बरं. भाजीचीच आहे, दवाखान्यातून आलेली."

बॉबीनने पिशवी उघडली आणि मला बाहेर काढले. आजोबांनी मला उजेडात धरले, उलटेसुलटे केले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! ही डॉक्टरीण शिस्तीची दिसते. फर्मा पाठवलाय!"

मित्रांनो, शिंप्याकडे जाड पुठ्ठ्याचे वेगवेगळे आकार खिळ्याला टांगलेले असतात. कापडावर ठेवायचे, भोवती खडूने रेघ मारायची आणि रेघेवरून कापायचे. त्या आकाराला फर्मा म्हणतात. बाहीचा फर्मा वेगळा, खिशाचा वेगळा, कॉलरचा वेगळा. आणि बटणे लावलेली नसली की मी सपाट, वाकड्या पट्टीसारखी दिसते. कॉलरचा फर्मा हुबेहूब असाच असतो, फक्त बराच लहान. 'कॉलर' हा शब्द कानावर पडला की ज्या माणसाचा हात आयुष्यभर कात्रीकडे गेला, त्याने दुसरे काय समजावे?

"पण आजोबा, याला बटणं आहेत," बॉबीन म्हणाली.

"खुणेसाठी. बटण कुठे लावायचं ते कळावं म्हणून."

"आणि हे बघा, कोणीतरी चावलंय."

"उंदीर असतील दवाखान्यात. तू सुईत दोरा ओव."

आजोबांनी फिक्या निळ्या कापडावर मला ठेवले. त्यांचा हात माझ्या कडेकडेने फिरला, मागून खडू फिरला. आयुष्यात कोणी मला इतक्या हळुवारपणे हाताळले नव्हते. मी गोंधळून गेले. हा एवढा जाणता माणूस म्हणतो आहे, तर आपण फर्माच असू का? मग त्या सगळ्या कुत्र्यामांजरांच्या गळ्यात मी काय करत होते?

यंत्र घरघरले. अस्तर लागले, दुहेरी शिलाई झाली. हवालदार शुद्धीवर आली तेव्हा तिच्या गळ्यात निळी, रुंद, झोकदार कापडी कॉलर होती. मला आजोबांनी बाही आणि खिसा यांच्या फर्म्यांशेजारी खिळ्याला टांगले. खरे सांगते, त्यांच्यात मी शोभत होते.

घड्याळजी पुन्हा डोकावला. "अरे वा! हवालदाराचा साहेब केलात की! बढती झाली वाटतं?"

"शिलाई बघ, शिलाई. डॉक्टरांच्या मापाची आहे," आजोबा ऐटीत म्हणाले.

संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. आजोबांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावलेला असे.

"बाबा, कॉलर घातली ना?"

"घातली. झकास बसलीय."

"ओढून काढायला बघते का?"

"छे गं! तिला पत्तासुद्धा नाही. झोपलीय मजेत."

"कमाल आहे! बाकीची मांजरं म्हणे घर डोक्यावर घेतात. आणि पोटापर्यंत पोहोचत नाही ना?"

"कॉलर कशी पोहोचेल पोटापर्यंत? गळ्यातच आहे."

"बरं झालं बाई. मी येईपर्यंत काढू नका हं."

"नाही काढत. मी बसलोय ना इथे."

मी खिळ्यावर टांगलेली सगळे ऐकत होते. दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत होते, आणि एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हते. 'अहो, कॉलर म्हणजे मी!' असे मला ओरडावेसे वाटले. आणि लगेच शंका आली, खरेच मी का?

दुसऱ्या दिवशी हवालदारची गुंगी पार उतरली. तिने निळ्या कॉलरमध्ये हनुवटी खुपसली, मान वळवली, आणि ते मऊ कापड शहाण्या मुलासारखे खाली दुमडले. तिची जीभ पोटावरच्या टाक्यांवर चालू लागली. मांजराची जीभ म्हणजे काय असते, ते माझ्या ओरखड्यांना विचारा. बारीक कानस असते ती.

"आजोबा, ती चाटतेय!" बॉबीन म्हणाली.

आजोबा कापड बेतत होते. "कॉलर आहे ना गळ्यात?"

"आहे."

"मग चालत असेल. कॉलर घालूनही चाटता येतंय, म्हणजे तेवढं चाटलेलं चालत असेल."

बॉबीनने हवालदारकडे पाहिले, मग आजोबांकडे, मग वर खिळ्याकडे. तिला ते पटले नव्हते. पण आजोबा चुकले आहेत हे म्हणण्याइतकेही तिला काही ठाऊक नव्हते. अशा वेळी मुलांनी काय करायचे असते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. ती हवालदारपाशी बसून राहिली. हवालदार चाटायला लागली की ती तिचे तोंड हाताने हळूच बाजूला करी. पण बॉबीनला शाळा होती, जेवण होते, आणि हवालदारला दुसरे काही काम नव्हते.

त्याच्या पुढच्या दिवशी शाळेतून आल्या आल्या बॉबीन गोधडीपाशी वाकली आणि तिथेच थांबली. जी एका जागी कधी थांबत नाही, ती थांबली म्हणजे काहीतरी बिनसले होते.

"आजोबा, इथे ओलं आहे. लाल झालंय. आणि हा टाका बघा ना."

आजोबा चष्मा सरसावत खाली बसले. उसवलेला टाका त्यांनी जन्मात कितीदा पाहिला असेल. पण तो कापडावर. त्यांचा हात सवयीने सुयांच्या उशीकडे गेला आणि वाटेतच अडला. उसवलेले शिवायचे ही एकच गोष्ट त्यांना उत्तम येत होती, आणि नेमकी तीच त्यांना करता येणार नव्हती.

"कॉलर तर आहे गळ्यात," ते पुटपुटले. "कापड चांगलं आहे, शिलाई चांगली आहे. मग असं कसं झालं?"

बॉबीन स्टुलावर चढली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. माझ्या कडेवरच्या दातांच्या खुणांवरून तिने बोट फिरवले. बटण बोटाने दाबून पाहिले. मग मला गोल वळवले. बटण अगदी कडेच्या, सगळ्यात सैल भोकात गेले आणि 'टक्' असा आवाज झाला. दुसरे गेले. 'टक्'. ती हळूहळू, जरा भीत भीत, मला डोक्यावरून ओढत होती. तिच्या लहानशा डोक्यावरून मी कशीबशी खाली गेले आणि गळ्याशी टेकले.

तिने आपल्या पोटाकडे तोंड न्यायला पाहिले. माझी कड तिच्या छातीला टेकली. तिने अंग दुमडले, गुडघा वर घेतला, डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. तोंड काही पोहोचेना.

"आजोबा!" तिचा आवाज माझ्यात घुमून दुप्पट झाला. "हा फर्मा नाही! हीच कॉलर आहे! घालायचीच ही आहे!"

मित्रांनो, मला कोणी इतक्या मोठ्याने माझ्या नावाने हाक मारली नव्हती. पण मला आनंद झाला असे म्हणू शकत नाही. समोर हवालदार मान खाली घालून पडली होती.

 आजोबांनी निळी कॉलर काढली, हवालदारला गोधडीसकट उचलले, दुकानाचे शटर ओढले आणि चालू लागले. बॉबीन मला काखेत धरून मागून धावत होती. घड्याळजीने "काय झालं?" विचारले, तर ते न थांबता पुढे गेले. घड्याळजी थट्टा विसरून त्यांच्या दुकानापुढे उभा राहिला, गिऱ्हाईक आले तर सांगायला.

डॉक्टरबाईंनी हवालदारला टेबलावर घेतले. आजोबांनी खिशातून निळे कापड काढून समोर धरले. "मी हे शिवलं. तुमचा फर्मा समजून."

डॉक्टरबाईंना आधी समजेना. समजले तेव्हा त्यांच्या ओठांवर हसू आले, पण आजोबांचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरले. "शिलाई फार सुंदर आहे, आजोबा. चूक आमचीही आहे. घालून दाखवायला हवी होती."

"ती वाचेल ना?" बॉबीनने विचारले.

"वाचेल. वरचाच टाका गेलाय, आतले शाबूत आहेत. पण आज आणलं नसतं, तर मला पुन्हा पोट उघडावं लागलं असतं, आणि मग मी इतक्या खात्रीने बोलले नसते." त्यांनी जखम धुतली, औषध लावले, नवा टाका घातला. मग मला बॉबीनच्या हातात दिले. "तूच घाल. तुला जमतंय. आणि दोन गोष्टी ऐक. ती कितीही रडली तरी ही काढायची नाही. आणि तिने खाल्लं नाही तर चालणार नाही. मांजरं उपाशी राहिली की फार लवकर खचतात."

बॉबीनने मला हवालदारच्या गळ्यात घातले, या वेळी आतल्या घट्ट भोकांत. टक्, टक्.

घरी पोहोचल्यावर जे झाले ते मी नेहमीच पाहत आले आहे.  हवालदार माझ्यापासून सुटण्यासाठी मागे मागे चालू लागली. मी काही सुटेना. ती यंत्राच्या पायांवर आपटली, टेबलाच्या कडेवर आपटली, खुर्चीखाली शिरायला गेली आणि अडकली. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली. बॉबीनने "हवालदार, अगं" म्हणत हात पुढे केला, तर तिने दात दाखवून फिस्स केले. रोज या मुलीच्या पायाशी झोपणारी मांजर तिच्यावर फिस्कारली. बॉबीनचा हात तसाच हवेत राहिला आणि डोळे भरून आले.

"तिला वाटतंय मी वाईट आहे."

आजोबा कपाळाला हात लावून बसले होते. "मी चुकीची कॉलर घातली, तेव्हा ती सुखात होती. आता बरोबर घातलीय, तर तिचे हाल चाललेत. मला काही कळेनासं झालंय बघ."

"मला पण," बॉबीन म्हणाली.

मला पण, मीही म्हणाले असते.

हवालदारपुढे आवडीचे मासे ठेवले. हवालदारने मान खाली केली, तर माझी कड बशीच्या आधी जमिनीला टेकली. ती पुढे सरकली, तशी बशीही पुढे सरकली. बशी दारापर्यंत गेली आणि हवालदार पुन्हा भिंतीकडे वळून बसली. बॉबीनने बशी डब्यावर ठेवून उंच केली. हवालदारने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. असे दुपारभर चालले.

"पोरी," आजोबा हळूच म्हणाले, "चार घास खाईपर्यंत काढूया का? मी तिला धरून ठेवतो."

बॉबीनने ओठ घट्ट मिटले. तिला किती काढावीशी वाटत होती, ते तिच्या बोटांवरून दिसत होते. ती माझ्या बटणाजवळ येत आणि मागे जात. "डॉक्टर म्हणाल्या, काढायची नाही."

"आणि खाल्लंही पाहिजे म्हणाल्या."

"हो ना. मग दोन्ही कसं करायचं?"

आजोबा पुन्हा यंत्रावर जाऊन बसले आणि उगाच पाय हलवू लागले.

मित्रांनो, इथे मला तुम्हाला काहीतरी सांगायचे आहे. मी जुनी आहे, ओरखडलेली आहे, मला फार काही कळते असा माझा दावा नाही. मला फक्त अडवता येते. जीभ जखमेपाशी जाऊ द्यायची नाही, एवढेच माझे काम. पण ज्याला अडवले, त्याची भूक थांबत नाही, त्याची भीती थांबत नाही, त्याची खाज थांबत नाही. ते माझ्या हातचे नाही, कारण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, माणूस असो की जनावर, आणि त्याच्या भल्यासाठी तुम्हाला त्याला अडवावे लागले, तर अडवून निघून जाऊ नका. जवळ बसा. त्याला जे करता येत नाही, ते तुम्ही त्याच्यासाठी करा. तो तेव्हा तुमच्यावर रागावेल. रागावू द्या. आणि कोणतीही सूचना ऐकलीत, तर शब्द ओळखीचा वाटला तरी एकदा विचारून घ्या, 'म्हणजे नेमकं काय?' विचारण्यात कमीपणा नाही. मला तर जन्मभर विचारता आले नाही, म्हणून मी दिव्याची शेड, नरसाळे आणि फर्मा होऊन बसले.

हवालदारने माझ्याविषयी काय ठरवले, ते मला आजही ठाऊक नाही. बॉबीनविषयी ठाऊक आहे, कारण त्या दुपारी मी दोघींच्या मध्ये होते.

बॉबीन उठली, बशीतला माशाचा तुकडा तिने बोटांनी कुस्करून तळहातावर घेतला आणि जमिनीवर पोटावर पालथी पडली. मग सरपटत भिंतीपाशी गेली. हवालदारने फिस्स केले. बॉबीनने हात मागे घेतला नाही. तो तिने मनगटापर्यंत माझ्या आत सरकवला आणि स्तब्ध धरला. आजोबांनी यंत्रावरचा पाय उचलला. 

 पुष्कळ वेळाने एक ओलसर नाक पुढे आले. जीभ तळहातावरून फिरली, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग घाईघाईने. आजोबांनी बशी हाताच्या अंतरावर सरकवली. बॉबीनने पुन्हा तळहात भरला.

पोट जरा भरले तसा हवालदारने मागचा पाय उचलला आणि कान खाजवायला गेली. पायाची नखे कानाऐवजी माझ्यावरून खरडत गेली. खरड, खरड, खरड.

"थांब," बॉबीन तिला म्हणाली, "कुठे खाजतंय? इथे?"

आणि तिने दुसरा हातही माझ्या आत घातला. एका तळहातावर हवालदारची जीभ चालली होती. दुसऱ्या हाताचे एक बोट तिच्या कानामागे हळूहळू फिरू लागले, आणि हवालदारचा मागचा पाय कितीतरी वेळ हवेतच, त्या बोटाच्या तालावर हलत राहिला.